उलाळ्याची होडी

हिवरकुंडीला पाणी आलं, पण त्यावर कोणाचा विश्वास बसेना. पारनेर तालुक्यात या गावाची कीर्ती अशी, की पाहुण्याने येताना आपला तांब्या भरून आणावा. इथे पोरी द्यायला कोणी धजत नसे. राळेगणसिद्धीचं बघून गावाने डोंगरावर चर खणले, नाले अडवले, आणि शहाण्णवच्या पावसाळ्यात पाझर तलाव काठोकाठ भरला. तरी सोयरिकीला आलेला पाहुणा तलावाकडे बघून म्हणायचाच, "आत्ता हाय हो, पण शिमग्याला काय?"

यावर सरपंच अमृतला तोड सुचली. "होडी आनायची," तो ग्रामसभेत म्हणाला. "दारात होडी दिसल्यावर पान्याचं कोन इचारतंय?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. गावात पोहता येणारं एक माणूस नव्हतं, शिकणार तरी कशात? पण ही गोष्ट कोणी काढली नाही. टाळ्या वाजत असताना असली गोष्ट काढणारा माणूस कुठल्याच गावाला आवडत नाही.

पुणतांब्याला गोदावरीवर एक मोठी लाकडी होडी विकायला निघाली होती. ती ओढून आणण्याइतकी दमदार पिकअप गावात एकच, कारभारीची. आणि इथेच खरी अडचण होती. कारभारीला गावात कारभारी कोणी म्हणतच नव्हतं. त्याला उलाळ्या म्हणत.

बैलगाडीत मागे ओझं जास्त झालं, की पुढची जुवाची बाजू वर उचलली जाते आणि गाडी मागे कलंडते. त्याला गाडी उलाळणं म्हणतात. पिकअप घेण्याआधी कारभारी बैलगाडी हाकायचा, तेव्हा रंभाजीतात्यांच्या थोरल्याच्या लग्नात वाजंत्री त्याच्या गाडीत मागच्या बाजूला दाटीवाटीने बसले होते. ओढ्याच्या चढाला गाडी उलाळली. बैल पुढचे पाय हवेत मारू लागले आणि ताशे, सनया, वाजवणारे असे सगळे ओढ्यात. नवरदेव बिचारा मुक्यानेच मांडवात शिरला. त्या दिवसापासून उलाळ्या. कारभारीने बैल विकले, पिकअप घेतली, रात्रंदिवस धंदा केला, पण नाव काही सुटेना. गिऱ्हाईक दारात येऊन विचारायचं, "उलाळ्या हाय का घरी?" त्या हाकेला त्याने एकदाही ओ दिली नाही. घरात असला तरी गप्प बसायचा. मग त्याची बायको बनुबाई बाहेर येऊन सांगायची, "त्या नावाचं हितं कोनी ऱ्हात न्हाई."

"ही होडी नीट आनली ना," निघायच्या सकाळी कारभारी तिला म्हणाला, "तर ते नाव तळ्यात बुडालंच म्हून समज."

बनुबाईने पिकअपच्या बॉनेटला हळदकुंकू लावलं. "अवो, पन मागं कोनाला बसू देऊ नगा," ती म्हणाली. शहाणी बाई.

कारभारीने तयारी अशी केली, की बघणाऱ्याला वाटावं माणूस आगगाडी ओढायला चाललाय. उसाच्या ट्रॉलीचा दोन चाकांचा मजबूत सांगाडा घेतला. पुणतांब्याला होडी त्यावर चढवली, जाड दोरांनी आवळली, पुढच्या टोकात वाळूची पोती टाकली. ओझं पुढे जरा जास्त हवं, हे तो ओढ्यात शिकला होता. हुकाची पिन घातली, पिन निसटली तर म्हणून वर साखळी घातली, मागच्या टोकाला लाल फडकं बांधलं. थोडं अंतर गेला की उतरून दोर चाचपून बघे. सोबत सरपंच अमृत होता, आणि नारळ फोडायचा मान असलेले रंभाजीतात्या. तात्यांना पिकअपमध्ये बसायला सांगितलं, तर त्यांनी होडीत मागच्या टोकाला, उंच फळीवर बैठक मारली.

"मान तितं असतो," तात्या म्हणाले. वर म्हणाले, "उलाळ्या, सावकाश हाक."

एक म्हातारा माणूस, त्याला नाही कोण म्हणणार? पण आपल्याकडे रिकामी गाडी रस्त्याने नुसती जाऊ द्यायची, हे पाप समजतात. श्रीरामपूर सोडलं आणि पहिला हात आडवा आला. बाजाराला निघालेलं एक जोडपं होतं. मग एक करडू घेतलेला माणूस. मग एका वस्तीवरचं अख्खं वऱ्हाड. होडी कुठे चालली, रस्त्यावर कशी आली, हे कोणीही विचारलं नाही. विचारलं ते एवढंच, "नगरला जाती का?" कारभारी नको नको म्हणत होता, पण अमृतला पंचायत समितीला उभं राहायचं होतं. तो खिडकीतून मान काढून सगळ्यांना म्हणे, "या, बसा, आपलीच होडी हाय."

राहुरी मागे पडेपर्यंत होडी गच्च भरली. आणि सगळे बसले मागे. पुढे कोणीच जाईना. पुढे बसलं तर म्हाताऱ्या माणसाकडे पाठ होते, आणि पाठ करून बसायला काय ती जनावरं होती? पुढे बसलं होतं फक्त ते करडू.

विळदच्या घाटात पिकअपचं बूड एकाएकी हलकं झालं. मागची चाकं जमिनीला जेमतेम टेकत होती. ट्रॉली शेपटीसारखी डावी-उजवीकडे झुलू लागली आणि आतले वऱ्हाडी हौसेने ओरडू लागले. त्यांना वाटलं, होडी अशीच चालत असते. कारभारीच्या डोळ्यांपुढे सरळ तो ओढा उभा राहिला, पाण्यात पडलेल्या ताशांसकट. ब्रेक न मारता त्याने पाय हळूहळू उचलला, वेग उतरू दिला आणि गाडी कडेला घेतली.

"पाया पडतो तुमच्या, उतरा, न्हाईतर पुढं सरका," तो म्हणाला. कोणी हललं नाही. सगळ्यांनी तात्यांकडे बघितलं. तात्यांनी आकाशाकडे बघितलं.

आता तात्यांना ओझ्याचा हिशेब सांगण्यात अर्थ नव्हता. कारभारीने अमृतला बाजूला घेतलं. माणसं बोलून हलवणं, अमृतला एवढं एक येत होतं. तो मोठ्याने म्हणाला, "नगरात माळीवाड्याला आपले लोक हार घिऊन उबे हायती. पुढं जो बसंल त्याच्या गळ्यात घालनार म्हनं."

तात्या उठले. धोतर सावरत होडीच्या पुढच्या टोकाला गेले, करडाला बाजूला सारलं आणि बसले. त्यांच्यामागोमाग सगळी होडी पुढे आली. ट्रॉली अशी गुमान चालू लागली, की कारभारीने त्या वाटेवर पहिल्यांदाच विडी पेटवली. माळीवाड्याला हारवाला कोणी नव्हता, पण एक हवालदार होता.

"ही कुठं चालली?" त्याने विचारलं.

"पान्यात," कारभारी म्हणाला.

हवालदाराने भरलेल्या होडीकडे बराच वेळ बघितलं. "मग सगळ्यांना पोहता येतं का?" असं विचारून, उत्तराची वाट न बघता, त्याने शिट्टी वाजवून रस्ता मोकळा करून दिला.

वऱ्हाड आणि करडू तिथेच उतरलं. सुपे मागे टाकून, दिवस मावळायच्या आत होडी हिवरकुंडीच्या तलावावर पोचली. अख्खं गाव बांधावर उभं होतं. एक ओरखडा नाही, एक दोर सैल नाही. कारभारीने ट्रॉली उतारावर मागे मागे घेत पाण्याच्या कडेला लावली, चाकांना दगड दिले, पुढे टेकू दिला. लोकांनी दोर सोडले. वाळूची पोती रंभाजीतात्यांनी आधीच उतरवून घेतली होती, त्यांचं संडासाचं बांधकाम चाललं होतं.

अमृतने बोलावलेला फोटोग्राफर म्हणाला, होडी एकटीच हवी, पिकअप नको. कारभारीने पिन काढून पिकअप बाजूला घेतली आणि बजावलं, "आता हिच्यावर कोनी चढायचं न्हाई. मागनं वजन पडलं की उलाळलीच."

सगळ्यांनी ऐकलं. शहाण्यासारखे सगळे लांब उभे राहिले. तेवढ्यात अमृत हार घेऊन पुढे आला आणि म्हणाला, "आजचा मान कारभारीचा. कारभारी, चढा वर, त्या मागच्या फळीवर बसा."

कारभारी! कित्येक वर्षांनी चारचौघांत त्याला त्याच्या नावाने हाक आली होती. तात्यांनीसुद्धा हात जोडले. कारभारीचे डोळे भरून आले. भरल्या डोळ्यांनी माणसाला टेकू दिसत नाही, दगड दिसत नाहीत, काहीच दिसत नाही. तो वर चढला, मानाच्या फळीवर जाऊन बसला आणि हारासाठी त्याने मान वाकवली.

ट्रॉलीचं पुढचं टोक सावकाश आकाशाकडे गेलं. होडी मागे घसरली, कोणी ढकलल्याशिवाय सुर्रकन पाण्यात उतरली आणि तलावाच्या मध्याकडे निघाली. वल्ही पिकअपमध्ये होती. हार अमृतच्या हातात होता.

काठावर एकच गिल्ला उठला. होडी तरंगत होती! ट्रॉलीवरून ती पाण्यात उतरवायची कशी, हे आजवर कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. लोक टोप्या उडवू लागले. "उलाळ्यानं केलं! उलाळ्या रं उलाळ्या!"

कारभारी फळीला दोन्ही हातांनी धरून उभा होता. होडी डुलत होती. खाली पाणी, चहूकडे पाणी, आणि काठावर पुन्हा तेच नाव. ते त्याने ऐकलं आणि नेहमीसारखं तोंड फिरवलं. तोंड फिरवल्याबरोबर होडी एका बाजूला कलली.

बनुबाई गुडघाभर पाण्यात शिरली होती. "अवो!" ती ओरडली. पण त्या गर्दीत कोणाच्याही बायकोचं अवो कोणालाही लागू पडलं असतं. नवऱ्याचं नाव तर ती जन्मात घेणार नव्हती. तिने इकडेतिकडे बघितलं, पदर तोंडावरून बाजूला केला आणि बेंबीच्या देठापासून हाक मारली.

"अवो उलाळे! मदी या, मदी! आन् खाली बसा!"

कारभारीने काठाकडे बघितलं. मग तो रांगत रांगत होडीच्या मध्यावर आला, नीट मांडी घालून बसला, आणि पहिल्यांदाच त्या हाकेला त्याने ओ दिली.