योगेंद्रच्या वाटणीचा रोट

आमच्या कानबाईचा नियम सांगायला सोपा, पाळताना जीव जातो. श्रावणात देवी बसली की घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने गव्हाची मूठ घ्यायची, त्या पिठाचे रोट करायचे आणि पौर्णिमेआधी घरच्यांनीच ते संपवायचे. बाहेरच्याला तुकडासुद्धा द्यायचा नाही. उरला तर जमिनीत पुरायचा. सुरतेत लिंबायतला आलो, खानदेश सुटलं, पण हे मी सुटू दिलं नाही.

गेल्या वर्षी माझ्या धाकट्या जावेने, रंजनाने, पोटच्या पोराच्या वाटणीचा रोट तुळशीजवळ पुरला. माती लोटताना अशी रडली की शेवटी खुरपं मीच तिच्या हातातून घेतलं. योगेंद्रने बंगळूरला परजातीच्या मुलीशी परस्पर लग्न केलं, म्हणून त्याचे वडील, आमचे शालिग्रामभाऊजी, फोनवर गरजले होते, "मना घरमा पाय ठेवू नको!" सगळं आयुष्य कापडाच्या लूमच्या खडखडाटात गेलं, हळू बोलणं त्यांना ठाऊकच नाही.

यंदाही रंजनाने त्याच्या नावाची मूठ घेतलीच. "आते मी मना पोऱ्याले परत नही पुरसू," म्हणाली. मग मीच त्याला फोन लावला आणि चांगला झापला. "मोबाइलमध्ये दाखवतंय, बंगळूर ते सुरत विमानाला दोन तास! आणि तुझी आई दोन वर्षं वाट बघतेय. लाज आहे का काही?"

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी तो आला. म्हणजे विमानतळापर्यंत आला. रंजना सकाळपासून दारात उभी होती. दुपारी मला फोन.

"मोठमाय, सुरतला उतरलो गं. पण पुढे पाऊल उचलत नाही. दादांनी पाय ठेवू नको म्हटलंय ना. संध्याकाळच्या विमानाने परत जातो."

"अरे मेल्या, ऐक तरी," म्हणेपर्यंत फोन बंद.

मी सांगितलं तशी रंजना दारातून आत आली. रोट पुरायला खुरपं शोधायला लागली. ते मात्र भाऊजींना बघवेना. त्यांनी योगेंद्रचा रोट फडक्यात बांधला आणि चपला घातल्या.

"भाऊजी, रोट उंबऱ्याबाहेर जात नाही," मी म्हटलं. सवय हो!

"पोऱ्या जाऊ दिला, वहिनी. रोटाचं काय घेऊन बसलात?"

रिक्षात आम्ही तिघं. भाऊजींनी फडकं मांडीवर धरलं होतं. पोहोचेपर्यंत तो आत गेला तर, या धास्तीने रंजनाने माझा हात घट्ट धरला होता.

तो बाहेरच बाकावर बसला होता, वाळलेला. आम्हाला बघून धडपडत उठला, बापाच्या पायाशी वाकला. भाऊजींनी फडकं सोडलं. "पाय ठेवू नको म्हटलं होतं. खाऊ नको म्हटलं का?" इतका हळू आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता. रंजनाने घास भरवला. एवढा मोठा बाप्या, रडत रडत खात होता.

मग भाऊजींनी खिशातून कागदाची पुडी काढली. त्यात त्यांच्या स्वतःच्या वाटणीचा रोट होता. त्यांनी खाल्लाच नव्हता.

"हाऊ तिले दे."

योगेंद्रने घाबरून माझ्याकडे पाहिलं. नियम त्याला माहीत, आणि तो पाळायला लावणारीही माहीत.

"माझ्याकडे काय बघतोस? घरच्यांनाच देतात तो," मी म्हटलं. "दोन तासांत पोहोचशील ना? आजच खायला लाव तिला. उद्या पौर्णिमा आहे."