शोषमहाराजांचा उपडा पेला

निसर्गाने आपले नियम मागे घेतल्याचे प्रसंग फार थोडे. त्यांतला एक मंगळवारी सकाळी साडेदहाला, शिंप्याच्या दुकानावरच्या हॉलमध्ये, बिघडलेल्या पंख्याखाली घडला.

शोषमहाराजांनी पेल्यात पाणी ओतलं, डोळे मिटून काहीतरी पुटपुटले आणि पेला थेट अक्काच्या डोक्यावर उपडा केला. थेंब पडला नाही! हॉल दणाणला. अक्काला आनंद जरा जास्तच झाला, कारण केस तिने कालच रंगवून आणले होते.

"पाणी कुठं गेलं?" महाराज गरजले. "शोषलं! रोग म्हणजे काय? ओल! ओल गेली, रोग गेला! आजपासून पाणी बंद. दिवसाला फक्त सात थेंब, मंतरलेले!"

हे सगळं अक्काच्या धाकट्या भावासाठी होतं. तीस वर्षं घरोघरचे पाण्याचे मीटर वाचले म्हणून त्याला सगळे मीटरकाका म्हणत. कॅन्सरच्या औषधाचं सलाइन सोमवारीच लागलं होतं. नर्सने एक कागद देऊन तीनदा बजावलं होतं, "हे औषध मूत्रपिंडांना जड जातं, काका. सांगितलंय तेवढं पाणी प्यायचंच. किती प्यालात, किती लघवी झाली, लिहून ठेवा." पण पाण्याच्या वासानेही मळमळणाऱ्या माणसाला पाणी पिऊ नको म्हणणारा कोणीही देवासारखाच वाटतो. काकाने सात थेंब घेतले.

गुरुवारी सकाळी कागदावर लिहिलं होतं: लघवी, अर्धा कप. रंग, कडक चहा.

"बघ!" अक्काने टाळी वाजवली. "आटतोय रोग!"

काका सुजलेल्या पावलांकडे बघत होता. "अक्का, मीटर फिरायचं थांबलं म्हणजे गळती थांबली असं नसतं गं. मीटर अडकलेलं असतं."

"मेला जन्माचा नास्तिक!"

"नास्तिक नाही. रीडर."

काकाच्या सुनेने कागद वाचला आणि वॉर्डात फोन लावला. तिकडून दोनच शब्द आले: "लगेच आणा." टॅक्सी सात मिनिटांत येणार होती. महाराज मात्र तीन मिनिटांतच आले. अक्काने बोलावलं होतं. मागोमाग जिनाभर शेजारी.

"रोगी घराबाहेर पडला तर ओल परत येईल!" महाराज दारातच उभे राहिले. झोळीतून पेला निघाला, पाणी ओतलं गेलं, पेला उपडा झाला. अक्काचे केस पुन्हा कोरडे.

सून पाळणाघरात काम करायची. तिने पेला हातात घेतला आणि आत बोट घातलं. गिळगिळीत. हा स्पर्श तिला दिवसातून चौदा वेळा व्हायचा.

तिने पेल्यात तीन चमचे मीठ घालून खसाखसा ढवळलं.

"महाराज, आता करा उपडा."

"आज योग टळला."

"असं कसं?" अक्का दुखावली. "माझी श्रद्धा आहे. करा हो महाराज!" आणि तिनेच त्यांचा हात धरून पेला आपल्या डोक्यावर उलटा केला.

भसकन पाणी आलं. रंगासकट ते अक्काच्या पोलक्यात उतरलं.

"डायपरमधली पूड, आत्याबाई," सून टॉवेल देत म्हणाली. "पाणी धरून ठेवते, मीठ पडलं की सोडते. यात मंत्र नाही, बाळाची शी-शू आहे."

खाली हॉर्न वाजला. महाराज सगळ्यांच्या आधी जिना उतरले. झोळी राहिली. तिच्यात सव्वीस डायपर होते, नवजात मापाचे.

डॉक्टर रक्ताचा रिपोर्ट बघून म्हणाले, "मूत्रपिंडांना दणका बसलाय. आणखी दोन दिवस गेले असते तर डायलिसिसवर ठेवावं लागलं असतं." सलाइन सुरू झालं. काका भिंतीकडे तोंड करून झोपला. बहिणीवर रागवायचीही ताकद नव्हती.

लोकहो, उपडा करूनही पाणी पडत नसेल तर हात जोडण्याआधी पेल्यात बोट घाला. आणि लघवी कमी झाली तर महाराजांना नव्हे, डॉक्टरांना कळवा. एवढं पुष्कळ झालं.

पाचव्या दिवशी अक्का ओळीने नळी, पिशवी, कागद बघत खाटेशी बसली होती. नोंद आता तीच ठेवायची. काकाने चष्मा लावून वाचलं:

सकाळी आठ. लघवी साडेतीनशे मिली. रंग फिका. चमत्कार नाही.