…या मारुतीजवळ, पुणे

एकोणीसशे एकोणऐंशीच्या मे महिन्यातली गोष्ट. एका शुक्रवारी सकाळी पुण्यातल्या एका पेठेच्या पोस्टात टपालाची पोती उघडली, आणि त्यांतून एक पार्सल निघालं. पांढऱ्या मांजरपाटात शिवलेलं, टाके घट्ट, गाठींवर लाख लावलेली. पण एक बाजू तेलानं पिवळीधमक झालेली आणि कैरीच्या लोणच्याचा वास सगळ्या टेबलांवर पसरलेला.

तेलानं शाई खाल्ली होती. वरच्या ओळीत ‘चि. सौ. श्यामला’ एवढं शिल्लक होतं. आडनाव गेलं होतं. खालच्या ओळीचा पहिला शब्द जवळजवळ सगळा गेला होता आणि पुढचं ठळक उरलं होतं: ‘…या मारुतीजवळ, पुणे.’ पाठवणाऱ्याच्या पत्त्यातलं ‘जि. रत्नागिरी’ तेवढं वाचता येत होतं.

पोस्टमास्तर श्यामसुंदर देवकुळे यांनी चष्मा कपाळावर सरकवून पार्सल दोन बोटांनी फिरवून पाहिलं. “पत्ता अपुरा. मुंबईला, बेवारस टपालाच्या ऑफिसात.”

“तिथं गोदामात सडेल साहेब,” अमीन तांबोळी म्हणाले. सव्वीस वर्षं ते या शहरात टपाल वाटत होते. “कुणीतरी आईनं घातलेलं लोणचं आहे. मला दोन दिवस द्या.”

“पुण्यात ‘या’ने संपणारे मारुती किती आहेत, माहीत आहे ना?”

“मला नऊ आठवतात.”

“आणि मारुती सापडला, तरी त्याच्या आसपास श्यामला किती असतील?”

“माहेराहून लोणचं न आलेली एखादीच असेल.”

देवकुळ्यांनी हसू मिशीतच ठेवलं. “बरं. खुद्द मारुतीला अख्खा डोंगर आणायला एक रात्र मिळाली होती. तुम्हाला सोमवार सकाळपर्यंत वेळ देतो. नंतर मुंबई.”

बाहेरगावच्या माणसाला पुण्यातल्या देवांची नावं थट्टा वाटतात. पण या गावात माणसाला टोपणनाव मिळतं तसं देवालाही मिळतं, आणि ते त्याला सोडत नाही. पत्र्याचं छप्पर म्हणून पत्र्या मारुती. जिलब्यांचा हार चढायचा म्हणून जिलब्या मारुती. उंट बांधायचे तिथला उंटाड्या मारुती. डुल्या मारुती डुल्या का, हे दोन माणसांना विचारलं तर तीन कारणं ऐकायला मिळतात. अमीनभाईंचं घराणं चार पिढ्यांपासून गंज पेठेत होतं. ही नावं त्यांना शाळेत जायच्या आधीपासून ठाऊक होती, कारण लहानपणी हरवलं तर कुठं उभं राहायचं, हे आईनं त्यांना मारुतींच्या नावांनीच शिकवलं होतं.

वाटप संपवून, पार्सल सायकलला बांधून ते दुपारी दीड वाजता नारायण पेठेत पत्र्या मारुतीपाशी आले. वेळ चुकीची होती. एक ते चार या वेळात पुण्यात कोणी काही विकत नाही आणि कोणी काही सांगत नाही. चार-पाच दारं बंदच मिळाली. सहाव्या दारावर सुंदर, वळणदार अक्षरांतली पाटी होती: ‘दुपारी एक ते चार बेल वाजवू नये. वाजवल्यास दार उघडेल, पण ते आपल्याला आवडणार नाही.’

अमीनभाईंनी बेल वाजवली नाही. ते पायरीवर बसून राहिले. थोड्या वेळानं दार आपसूक उघडलं आणि एक उंच, वाळके, साठी उलटलेले गृहस्थ बाहेर आले.

“कोण आपण? बेल का नाही वाजवलीत?”

“पाटी वाचली.”

“वाचता येणारे पुष्कळ भेटतात. वाचून ऐकणारे तुम्ही पहिलेच. आत या.”

ते गोपाळकृष्ण लिमये, शाळेतले मराठीचे निवृत्त शिक्षक. घरात ते एकटेच. भिंतीवर दिवंगत पत्नीचा फोटो होता, आणि वर्षभर कोणी आलं-गेलं नसावं असं ते आवरलेलं घर होतं. अमीनभाईंनी पार्सल समोर ठेवून हकीकत सांगितली. सरांनी आधी नऊ मारुतींची यादी ऐकून घेतली आणि लगेच म्हणाले, “चूक. बारा आहेत.” मग खणातून भिंग काढून ते पार्सलवर वाकले.

“हे शिकलेल्या, वयस्क पुरुषाचं अक्षर आहे,” बऱ्याच वेळानं ते म्हणाले. “बोरूनं गिरवलेलं वळण आहे. आणि इथं बघा. ‘चि.’ आणि ‘श्यामला’ यांच्यामध्ये ‘सौ.’ मागाहून घुसवलंय. जागा नव्हती, म्हणून अक्षर बारीक झालंय. शाईही वेगळी आहे.”

“विसरले असतील.”

“मराठी माणूस लग्न झालेल्या मुलीला ‘सौ.’ लिहायला विसरत नाही हो, अमीनभाई. असो. ‘या’च्या आधी ही उभी रेघ दिसतेय ना? ‘ब्या’ आहे. म्हणजे जिलब्या.”

“मला ‘ड्या’ वाटतंय.”

“चाळीस वर्षं मी अक्षरं तपासली आहेत.”

“मी सव्वीस वर्षं घरं शोधलीत.”

सरांनी भिंग मिटवलं. “उद्या संध्याकाळी मी बरोबर येतो. तुम्ही चुकीच्या मारुतीला गेलात, तर मला बघवणार नाही.”

शनिवारी पाच वाजता सर सायकल घेऊन पत्र्या मारुतीपाशी उभे होते. चाकांत नुकती हवा भरलेली, साखळीला तेल घातलेलं. “दीड वर्षानं काढली,” ते म्हणाले. “बायको गेल्यापासून बाहेर जाण्यासारखं काही नव्हतं.” अमीनभाईंनी सरांना पुढं जाऊ दिलं, म्हणजे वेग त्यांचा राहील.

जिलब्या मारुतीपाशी सरांनी स्वतः चौकशी केली. तिथल्या एका दुकानदारानं काट्यावरून नजर न उचलता उत्तर दिलं, “श्यामला? आमच्याकडे साखर, रवा, मैदा मिळतो.” सरांना हे उत्तर मनापासून आवडलं. वाक्यरचना अगदी निर्दोष होती, असं ते पुढच्या चौकापर्यंत सांगत राहिले. मग सोन्या मारुती, मग डुल्या मारुती. डुल्या मारुतीपाशी एक श्यामला सापडली, पण ती सहा वर्षांची निघाली आणि तिचं माहेर पहिल्या मजल्यावर होतं. ती पार्सलभोवती नाचत म्हणाली, “माझंच आहे! लोणचं मला आवडतं!” तिच्या हातावर सरांनी लिमलेटची गोळी ठेवली, तेव्हा कुठं पार्सल सुटलं.

दिवे लागायच्या सुमाराला ते रास्ता पेठेत उंटाड्या मारुतीपाशी पोचले. समोर पिठाची गिरणी होती. पिठानं भुवया पांढऱ्या झालेला मालक सर्जेराव दळण मोजत होता. अमीनभाईंनी नाव सांगताच त्यानं पट्टा उतरवला, गिरणी थांबवली.

“श्यामलाबाई? कोकणातल्या? पलीकडच्या चाळीत राहायच्या की. संभाजी भिलाऱ्यांची बायको. तो खडकीच्या फॅक्टरीत हाय. गेल्या सालीच क्वार्टर मिळालं, तिकडं गेले.”

“ड्या,” अमीनभाई सरांकडे बघून हळूच म्हणाले.

“शाई पसरली की रेघ फसवते,” सर म्हणाले. पण त्यांचा चेहरा खुलला होता. मग सर्जेरावाला त्यांनी विचारलं, “त्यांच्या माहेरचं कोणी यायचं का इथं?”

“कोन येतंय? जातीबाहेर लगीन केलं, म्हणून बापानं नाव टाकलेलं. एकदा एक मावसभाऊ आला होता, गुपचूप. तीन वर्षं दिवाळीला बाई गॅलरीत बसून राहायच्या. शेवटी आमची मंडळी फराळ द्यायला जायची.” त्यानं पार्सल हुंगलं. “ह्ये माहेरचं का? मग आजच न्या!”

पण खडकी अमीनभाईंच्या हद्दीत नव्हती. त्यांनी पार्सल घेऊन थेट देवकुळ्यांचं घर गाठलं. देवकुळ्यांनी सगळं ऐकलं. “नियमानं पार्सल नव्या पत्त्यावर रवाना करायचं. सोमवारच्या थैलीतून.” मग त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. “कोणत्या वाहनानं रवाना करायचं, ते मात्र रवाना करणाऱ्या पोस्टमास्तरनं ठरवायचं असतं. उद्या सकाळची लोकल मला योग्य वाटते. नोंद मी करतो, सही तिची आणा.”

रविवारी सकाळी दोघं लोकलनं खडकीला उतरले. सरांनी इस्त्रीचं धोतर नेसलं होतं. अमीनभाई गणवेशातच होते, कारण त्याशिवाय पार्सल देणं त्यांना बरं वाटेना. क्वार्टरांच्या ओळी एकसारख्या होत्या, प्रत्येक दारावर नंबर, एकाही दारावर दम देणारी पाटी नाही. “किती रुक्ष वस्ती आहे,” सर पुटपुटले.

दार संभाजीनं उघडलं. तिशीचा, रुंद खांद्यांचा माणूस, हातात अर्धवट सोललेला लसूण. मागून श्यामला आली. पोस्टमन रविवारी दारात पाहून तिनं आधी नवऱ्याचा दंड धरला. तार आली असावी असं तिला वाटलं.

“वाईट काही नाही ताई,” अमीनभाई घाईनं म्हणाले. “पार्सल आहे. पत्ता जुन्या जागेचा होता आणि तोही तेलात बुडालेला.”

तिनं पार्सल हातात घेतलं. वास आला तशी ती हसली. “आईचं लोणचं. ती झाकण कधी नीट लावत नाही.” आणि मग तिची नजर अक्षरांवर गेली. ती खाली बसली, दारातच, उंबऱ्यावर.

“काय झालं?” संभाजी वाकला.

“आईला लिहिता येत नाही,” ती म्हणाली. “हे अण्णांचं अक्षर आहे.”

तिनं ‘श्यामला’वरून बोट फिरवलं, मग ते त्या दाटीवाटीनं बसवलेल्या ‘सौ.’वर थांबलं. लग्न झालं त्या दिवशी अण्णा म्हणाले होते, की हे लग्न आम्ही मानत नाही. त्यानंतर तिनं घातलेल्या चार पत्रांना उत्तर आलं नव्हतं. म्हणून नवा पत्ताही तिनं कळवला नव्हता.

“ते नंतर लिहिलंय,” लिमये सर खाकरून म्हणाले. “शाई वेगळी आहे. म्हणजे पत्ता लिहून झाल्यावर ते पुन्हा दौत घेऊन बसले असले पाहिजेत. माणूस एकदा लिहिलेलं उगाच दुरुस्त करत नाही.”

श्यामला रडली, मग पदरानं डोळे पुसून एकदम उठली, कारण पाहुणे अजून उन्हात उभे होते. टाके तिनं कात्रीनं न कापता एकेक करून उसवले. कापड तिला जपून ठेवायचं होतं. आत पत्र्याचा डबा होता, आणि डब्याभोवती गुंडाळलेली जुनी, धुऊन मऊ झालेली साडी. चिठ्ठी नव्हती. संभाजीनं लगेच चार पानं वाढायला घेतली. गरम भात, वरण आणि ते लोणचं. सरांनी दोन फोडी घेतल्या, तिसरी मागून घेतली आणि कोकणातल्या मंडळींना मीठ कळतं, असा अभिप्राय दिला. त्यांच्याकडून ती मोठीच प्रशस्ती होती.

जेवण झाल्यावर श्यामला कार्ड घेऊन बसली. काय लिहावं ते तिला सुचेना. सरांनी मजकूर सांगायचा मोह कष्टानं आवरला. शेवटी तिनं लिहिलं, ‘ती. अण्णांस, लोणचं पोचलं. नवा पत्ता वर दिला आहे.’ थोडं थांबून खाली आणखी एक ओळ घातली, ‘यांना फार आवडलं.’ अमीनभाईंनी कार्ड खिशात घातलं, सही घेतली आणि कार्ड पुणे स्टेशनवरच्या पेटीत स्वतः टाकलं.

नवव्या दिवशी उत्तर आलं, दोन ओळींचं. गणपती झाले की येतो.

आणि ते आले, आईला घेऊन. अण्णा पहिले दोन दिवस जावयाशी हवापाण्यापलीकडे बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी संभाजीनं सायकलचं पंक्चर काढताना त्यांनी पाण्याची परात धरली, आणि मग फॅक्टरीत किती माणसं आहेत, पाळ्या कशा असतात, पेन्शन मिळते का, हे सगळं विचारून घेतलं. त्या रविवारी श्यामलानं अमीनभाईंना सहकुटुंब आणि लिमये सरांना जेवायला बोलावलं. अण्णा आणि सर बाहेरच्या खोलीत ऱ्हस्व-दीर्घावरून असे जुंपले, की भात निवला. दोघांनाही इतकं बरं कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

आत श्यामलाची आई आणि नसीमबानू, म्हणजे अमीनभाईंच्या पत्नी, बांगड्याचं कालवण बघत उभ्या होत्या. नसीमबानू म्हणत होत्या, चिंच घाला. आई म्हणत होती, आमच्याकडे कोकमच. शेवटी श्यामलानं दुसरी कढई काढली, आणि दोन्ही करायचं ठरलं.