सगळ्यांना माहीत असलेली मोटर

मोटर सापडून चार दिवस झाले होते. फक्त तिचा शोध लागायचा राहिला होता.

गावच्या नळपाण्याची मोटर पंपघरातून गेली ती सोमवारी. मंगळवारी सकाळी समीक्षाची तीन वर्षांची बबडी शेजारच्या अंबाबाईच्या पेंढ्यात शिरली आणि "आई, घोडा!" म्हणून ओरडली. समीक्षा हातातलं कणकेचं भांडं टाकून धावली. पेंढ्यात विंचू असतो, साप असतो, आणि समीक्षाच्या डोक्यात तर आणखीही बरंच काही असतं. बघते तर पोर मोटरवर बसून टाचा मारत होती. मोटरवर निळ्या रंगाचे ओघळ होते. तसला निळा रंग आख्ख्या पंचक्रोशीत एकाच ठिकाणी होता: हर्षदशेठच्या फार्महाऊसवर, पोहायच्या नव्या तलावाला.

दुपारपर्यंत गावभर झालं. पण बोलणार कोण? हर्षदशेठ म्हणजे सरपंचांचा धाकटा भाऊ, आणि अर्धं गाव त्याच्या फार्महाऊसवर कामाला. समीक्षाचा नवरा मनोज तर तिथला मॅनेजरच. मग बायका हंडे घेऊन पेंढ्यावरूनच ओढ्याला जायच्या, मोटरकडे एक नजर टाकायच्या आणि एकमेकींना विचारायच्या, "कुठं गेली असंल गं बाय मोटर?"

बुधवारी सरपंचांनी तक्रार दिली आणि पोलिसांनी नवशाला उचललं. नवशा डोंगरातल्या वाडीवरचा. रोज सकाळी उतरून गावाला पाणी सोडायचा. पंपघराची किल्ली त्याच्याकडे, म्हणजे चोर तोच.

शनिवारी जीप आली. जमादार सरळ समीक्षाच्या ओट्यावर येऊन बसले.

"ताई, पंच म्हणून या."

"मी? पंच तर गजाभाऊ असतात."

गजाभाऊ आलेलाच होता. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन.

"गजाभाऊंनी एकवीस पंचनाम्यांवर सह्या केल्यात," जमादार म्हणाले. "मागच्या खेपेला वकिलानं भर कोर्टात विचारलं, तुम्ही घरी कधी असता? आता एक तरी शिकलेला पंच पाहिजे."

"बावीस," गजाभाऊ दुखावल्या आवाजात म्हणाला.

"पण मोटर कुठं आहे ते तर सगळ्यांना…"

जमादारांनी घाईघाईनं हात वर केला. "ताई, मोटर दिसणं वेगळं. कायद्यात तिचा शोध लागावा लागतो. आरोपी आमच्यापुढं काय बोलला ते कोर्ट ऐकत नाही. पण त्याच्या सांगण्यावरून कुणालाच ठाऊक नसलेली वस्तू निघाली, तर तेवढं ऐकतं. म्हणून ती आत्ता कुणाला ठाऊक नाही."

"आणि ठाऊक असली तर?"

"तर शोध कसला? पोरगं सुटेल." जमादार समजुतीनं हसले. "पण ठाऊक नाहीच ना कुणाला."

सासूनं दारातून डोळे वटारले. मनोज आत होता, चार दिवस अंग मोडून आलंय म्हणून कामावर गेला नव्हता. तो काही बाहेर आला नाही. समीक्षा बबडीला सासूच्या कडेवर देऊन उठली.

नव्या नियमानं सगळ्याचं शूटिंग करायचं होतं. निलेश नावाच्या शिपायानं मोबाईल धरला. नवशाला जीपमधून उतरवलं. पढवलेलं वाक्य तो एका दमात बोलला, "मोटर मी लपवली ती जागा दाखवतो," आणि ताडताड विहिरीकडं चालायला लागला.

गावाला राहवेना.

"आरं नवशा, तिकडं कुठं? डावीकडं!"

"अंबाबाईच्या पेंढ्यात रं, येड्या!"

"बंद कर, बंद कर," जमादार निलेशवर खेकसले. नवशाला परत जीपमध्ये बसवलं, परत उतरवलं. या वेळी तो नीट पेंढ्याशी गेला, गुडघ्यावर बसला आणि उपसत राहिला. पेंढा संपला. मोटर नव्हती.

जमादारांना घाम फुटला. "मोटर कुठंय?"

"ती व्हय?" अंबाबाई शेणाचे हात पुसत आली. "काल मी आन सुनेनं गोठ्यात सारली. गुरांना पेंढा घालायचा का नाय आमी? तुमचा शोध लागंपर्यंत गुरं उपाशी ठेवू?"

"मावशी, आम्हाला विचारायचं तरी!"

"तुमाला ठाऊक नव्हतं ना, मंग कसं इचारायचं?"

चौघांनी मोटर गोठ्यातून उचलून आणली. एकजण म्हणाला, निळा रंग खालच्या बाजूला करा. वरून पेंढा घातला, अंबाबाईच्या शिव्यांसकट. तिसऱ्या खेपेला नवशानं तिचा शोध लावला. दोघांनी टाळ्यासुद्धा वाजवल्या. जमादारांनी डोळे मोठे केल्यावर थांबले.

पंचनामा लिहून तयारच होता. गजाभाऊनं न वाचता सही ठोकली. समीक्षानं वाचायला घेतला तसे सगळे तिच्याकडं बघायला लागले. तो कागद वाचणारं माणूस गावानं पाहिलं नव्हतं.

'सदर ठिकाणाबाबत आम्हां पंचांस वा अन्य कोणासही पूर्वमाहिती नव्हती.'

पेन हातात होतं. सही केली की नवशा आत. नाही केली की मनोजची नोकरी जाणार, कोर्टाच्या तारखा मागे लागणार, बबडीला घेऊन खालापूरच्या फेऱ्या, तिथं ती पोर उन्हात, आजारी पडली तर… तिचं मन नेहमीसारखं धावत सुटलं. तिनं वर पाहिलं. नवशा तिच्याकडं बघत नव्हता. तो मोटरवर वाकला होता. "पाइपाचा सांधा चेपलाय," तो स्वतःशीच म्हणाला. "आज पानी चढणार नाय."

समीक्षा मोबाईलकडं वळली. "मी समीक्षा. ही मोटर इथं आहे हे मला मंगळवारपासून माहीत आहे. माझी मुलगी तिच्यावर बसून खेळली. गावालाही माहीत आहे. नवशानं शोधून काही दिलेलं नाही, त्याला तर जागासुद्धा लोकांनी दाखवली."

"निलेश, बंद कर! पुसून टाक ते."

"पुसत नाय साहेब. ॲपमध्ये काढलं की थेट वर सर्व्हरलाच जातं."

"आणि आधीचं?"

"ते पन गेलं साहेब. दोन्ही."

जमादार दगडावर बसले. "मी करू का अजून एक सही?" गजाभाऊनं विचारलं.

"गप बस रे!" मग त्यांनी गर्दीकडं पाहिलं. "बरं. तुम्हाला सगळं ठाऊक असतं ना? मग मोटर नेली कुणी ते सांगा."

कुणाचं दूध चुलीवर होतं, कुणाचं पोर एकटं होतं. दोन मिनिटांत अंगण रिकामं झालं.

"आता नवशाचं काय?" समीक्षानं विचारलं.

"दुसरं नाव मिळेपर्यंत बसेल जीपमध्ये. रिकाम्या हातानं जाऊ का मी?"

ती घरी आली तेव्हा मनोज स्वयंपाकघरात पाटावर बसला होता. त्यानं सगळं ऐकलं होतं.

"नोकरी गेली समजा," ती म्हणाली. "पण मला नाही जमलं हो."

"किल्ली मीच मागून घेतली नवशाकडनं," मनोज जमिनीकडं बघत म्हणाला. "शेठ म्हणाले, तलाव भरेपर्यंतच. टेंपोत मी चढवली. बोंब झाली तेव्हा आणून पेंढ्यात टाकली, तीपण मीच."

मोटर, रंग, पेंढा, सगळं ठाऊक होतं तिला. हे नव्हतं.

"नवशानं सांगितलं असेल ना पोलिसांना? किल्ली तुम्ही नेली म्हणून?"

"सांगितलं असेल. लिहून कोण घेतंय?"

बाहेर बबडी सासूला विचारत होती, घोडा कुठं गेला. पुढं काय काय होईल याची यादी समीक्षाच्या डोक्यात सुरू झाली होती, आणि ती फार लांब होती. अर्ध्यातच तिनं सोडली.

"जीप अजून आहे," ती म्हणाली. "चपला घाला. मीपण येते."