चांगुणाबाईंच्या मापाची सीट

मित्रांनो, मी मोटारसायकलची एक जुनी सीट आहे. नाक मुरडू नका. तुम्ही कौतुक करता ते इंजिनाचं, टाकीचं, नाहीतर सायलेन्सरच्या आवाजाचं. पण माणूस बसतो कुठे? माझ्यावर. टाकीवर बसून कुणी महाड गाठल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

माझा जन्म कारखान्यातला. खाली लोखंडी पत्रा, त्यावर स्पंज, वर काळं रेक्झिन आणि मधोमध धरायला एक पट्टा. मी साधी होते, लांब आणि सपाट. दोन माणसं, एक पोर आणि भाजीची पिशवी, सगळं माझ्यावर मावायचं. आमची गाडी साडेतीनशेची, दोन सिलिंडरची. रस्त्याने निघाली की लोक मान वळवून बघायचे. त्यातला निम्मा मान माझा, असं मी धरून चालते.

पण पहिल्या मालकाची हौस वर्षभरात फिटली. त्याने आम्हाला तीन पावसाळे जिन्याखाली उभं करून ठेवलं. उंदरांनी माझा कोपरा कुरतडला. धूळ एवढी बसली की पोरं माझ्यावर बोटाने नावं लिहायची. मग एक्याण्णव साली सुधीर आला आणि आम्हाला नेरूळला घेऊन गेला. तो तुर्भ्याच्या एका कंपनीत मशीनवर होता. सिडकोच्या घरात आई आणि बायको यांच्याबरोबर राहायचा. त्याने आधी ओल्या फडक्याने मला पुसलं आणि मगच इंजिन उघडलं. तेव्हाच मी ठरवलं, हा मुलगा बरा आहे.

सुधीरच्या आईचं नाव चांगुणाबाई. त्यांची थोरली बहीण सगुणाअक्का महाडच्या पुढे एका खेड्यात राहायची. त्या हिवाळ्यात अक्काने अंथरूण धरलं. गावाकडून येणारा प्रत्येक माणूस एकच निरोप आणायचा, चांगूला एकदा बघायचंय. पण चांगुणाबाईंना एसटी लागायची. पनवेल यायच्या आत पोटात काही उरायचं नाही. जीपमध्येही तेच. तेव्हा त्या बाजूला रेल्वे नव्हती. उघड्या वाऱ्यावर, मोटारसायकलवर मात्र त्यांना काही होत नसे. म्हणून सुधीरने ठरवलं, आईला गाडीवरून न्यायचं.

झालं. गाडीचा शृंगार सुरू झाला. वारा अडवायला पुढे काच आली, मोठा दिवा आला, सामानाला कॅरियर आलं. इथवर ठीक. मग म्हणे हँडल खाली घ्यायचं. मग म्हणे मागची सीट उंच हवी, शर्यतीच्या गाडीसारखी. निम्मं आईसाठी आणि निम्मं स्वतःसाठी. तरुण माणसाचं असंच चालतं, मी काय बोलणार?

तुर्भे नाक्यावर गोटीराम सीटा शिवायचा. ट्रकवाल्यांच्या सीटा शिवून त्याचे हात रुंद झाले होते. त्याची एक पद्धत होती. कणकेसारखी माती भिजवून तो ती फळीवर थापायचा, वर प्लास्टिक टाकायचा आणि गिऱ्हाइकाला त्यावर बसवायचा.

"तोंडी सांगितलेलं माप मी घेत नाही," तो म्हणायचा. "इथं बसायचं. हलायचं नाही. हललं की माप बिघडतं."

सुधीर बसला. मग त्याने आईकडे पाहिलं. चांगुणाबाईंनी पदर खांद्यावरून घट्ट ओढला.

"नाक्यावर, चार ट्रकवाल्यांच्या देखत चिखलात बसू मी? म्हैस हाय का मी?"

"आई, दोन मिनिटांचं काम आहे."

"मग तूच बस अजून दोन मिनिटं."

शेवटी सून वैजयंती बसली. सुधीर म्हणाला, बायकांचं बायकांना चालेल. गोटीरामने नकारार्थी मान हलवली, पण गिऱ्हाइकापुढे बोलला नाही. माझा स्पंज कापला, मागे उंचवटा केला, पुढे उतार दिला. आरशात बघितलं तर मीच मला ओळखेना. रुबाब मात्र होता. खोटं कशाला सांगू?

रविवारी सकाळी चांगुणाबाई माझ्यावर एका बाजूने बसल्या, आमच्याकडच्या बायका बसतात तशा. मांडीवर अक्कासाठी आवळ्याच्या सरबताची बाटली. पहिल्या गतिरोधकाला मला कळलं की काहीतरी चुकतंय. उतार पुढे होता, त्यामुळे त्या सारख्या पुढे घसरायच्या आणि सगळा भार उजव्या खुब्यावर यायचा. तो खुबा माझ्यावर टेकला की त्यांचा श्वास अडकायचा. मला सांगता येत असतं तर तिथेच सांगितलं असतं. कर्नाळ्याच्या अलीकडे त्यांनी सुधीरच्या पाठीवर थाप मारली.

"थांबव. मला न्हाय यायचं."

"काय झालं?"

"काय व्हायचंय? गाडी चालवतोस का डबा खडखडवतोस? चल मागं."

आम्ही परत आलो. घरी सुधीर चिडला. "तिकडे अक्का वाट बघतेय आणि हिला गाडीत खोट काढायचीय."

चांगुणाबाईंनी सरबताची बाटली फळीवर मागे सरकवून ठेवली. दुसऱ्या आठवड्यात पुन्हा निरोप आला. अक्का आता जेवत नाही, नुसती पेज घेते. चांगुणाबाई म्हणाल्या, "माझं मेलीचं नशीबच घरात बसायचं," आणि भांडी घासायला लागल्या. ती आधीच घासलेली होती.

हे वैजयंतीने बघितलं. ती बोलते कमी, बघते जास्त. तिने सुधीरला सांगून मला गाडीवरून काढून घेतलं आणि स्वयंपाकघराच्या गॅलरीत आणून ठेवलं. मग गोटीरामकडून घमेलंभर माती आणली. पाटावर थापली, वर प्लास्टिक, वर जुन्या साडीची घडी. गॅलरीतून मला सगळं दिसत होतं.

"आई, वालाच्या शेंगा सोलायच्यात. ह्या पाटावर बसा, दुसऱ्याचा पाय हलतोय."

चांगुणाबाईंनी पाटाकडे बघितलं. सुनेकडे बघितलं. गॅलरीत माझ्याकडेही एकदा बघितलं. आणि बसल्या. दोघींच्या मध्ये शेंगांची टोपली. दीड तास शेंगा सोलल्या. वैजयंती शेजारणीच्या गोष्टी काढत होती, चांगुणाबाई त्या शेजारणीला नावं ठेवत होत्या. एरवी दहा वेळा उठणारी बाई त्या दिवशी एकदासुद्धा हलली नाही.

टोपली रिकामी झाली तशा त्या भिंतीला धरून उठल्या.

"सूनबाई, माती पातळ भिजवलीस. गारवा वर येतोय."

वैजयंतीचा हात थांबला. "तुम्हाला कळलं होतं?"

"साठ वर्षं पाटावर बसतेय. बूड टेकल्याबरोबर कळलं."

"मग उठला नाहीत?"

"उठू कशी? हललं की माप बिघडतं, म्हणाला ना तो मेला."

संध्याकाळी सुधीर कामावरून आला. वैजयंतीने साडीची घडी उचलली, प्लास्टिक काढलं. मातीत डावीकडे वाटीएवढा खोल खड्डा होता. उजवीकडे नुसता ओरखडा. तिकडे माणूस टेकलंच नव्हतं.

सुधीरने त्या ओरखड्यावरून बोट फिरवलं. मग हळू विचारलं, "आई, कधीपासून?"

"काय कधीपासून?"

"उजवीकडे बसत नाहीस तू."

चांगुणाबाई वालाचं भांडं धूत राहिल्या. "गेल्या साली जिन्यात रॉकेल सांडलं ना, तेव्हापासून."

"रॉकेल सांडलं होतं का तुम्ही पडला होतात?" वैजयंतीने विचारलं.

"दोन्ही. पण रॉकेल रेशनचं होतं, म्हणून त्याचं सांगितलं."

सुधीरने दुसऱ्याच दिवशी त्यांना डॉक्टरकडे नेलं. हाड मोडलेलं नव्हतं, पण मुका मार मुरला होता. शेक, तेल आणि जपून बसणं. आईला घरी सोडून तो मला आणि मातीचा पाट घेऊन गोटीरामकडे गेला. गोटीरामने माती बघितली आणि म्हणाला, "हां. आता माप आलं."

माझा उंचवटा कापून टाकला. उतार भरून काढला. उजवा खुबा जिथे टेकणार, तिथे खोलगट करून सगळ्यात मऊ स्पंज घातला. बाकी ठिकाणी काथ्याची भर. पाठीला टेकायला एक गादी दिली.

"पण आता गाडी दिसणार कशी?" सुधीरला राहवलं नाही.

"चालवताना मागं बघणार हायस का तू?" गोटीराम म्हणाला.

मी बघण्यासारखी राहिले नाही, हे मलाही ठाऊक आहे. एकीकडे फुगीर, एकीकडे बसकी. सिग्नलला पोरं हसायची. हसू देत.

पुढच्या शनिवारी उजाडताच निघालो. सुधीर दर अर्ध्या तासाने थांबून विचारायचा, दुखतंय का? माणगावला चांगुणाबाई म्हणाल्या, "तू विचारून विचारून दुखवशील. चालव." दुपारच्या आत आम्ही अक्काच्या अंगणात होतो.

अक्का खाटेवर होती, अगदी मूठभर झालेली. "चांगू, कशावर आलीस गं?"

"लेकाच्या गाडीवर. एक उलटी न्हाय झाली."

चांगुणाबाई खाटेशी जमिनीवर बसल्या. घटकाभराने उठल्या, पुन्हा बसल्या, पुन्हा उठल्या. सुधीर बाहेर आला. पाना घेतला, माझे दोन नट सोडवले आणि मला उचलून आत नेलं. खाटेशेजारी चार विटांवर मांडलं. गावातली माणसं म्हणाली, "गाडीची सीट घरात?" सुधीर म्हणाला, "आईची खुर्ची आहे."

चार दिवस चांगुणाबाई माझ्यावर बसून होत्या. चमच्याने पेज भरवली, वेणी घातली, लहानपणी आंब्यावरून कोण पडलं होतं यावरून दोघी भांडल्यासुद्धा. अक्का होळीच्या आधी गेली. पण ते चार दिवस दोघींना मिळाले.

मित्रांनो, गाडीला हवं ते लावा. दिवे लावा, काच लावा, मीही नटले होते. पण घरात कुणी "मला नाही यायचं" म्हणालं तर लगेच रागावू नका. ते माणूस बसतं कसं, उठतं कसं, ते आधी नीट बघा. आणि माझ्यासारखी वेडीवाकडी सीट दिसली तर हसण्याआधी विचारा, ही कुणाच्या मापाची.

निघायच्या दिवशी सुधीर मला उचलायला वाकला, तेव्हा अक्काने हात पुढे केला आणि माझ्यावर ठेवला. चांगुणाबाई नुकत्याच उठल्या होत्या.

"थांब रे जरा," अक्का म्हणाली. "अजून ऊन हाय."

सुधीर पाना हातात धरून उभा राहिला.