फुटलेल्या कागदांतला सरकीवाला

अठ्ठेचाळीस सालची गोष्ट. आमचा शेवटचा बांध ओलांडला की निजामाचं राज्य, आणि उकंडरावांनी लेक दिली होती नेमकी तिकडे. जावई किसनराव सरकीचा व्यापारी. रझाकारांच्या धास्तीने सगळे अलीकडे पळून आले. हा मात्र तिथेच, वर ठाणेदारासोबत चहा पितो म्हणे. उकंडरावांना पारावर बसायची सोय राहिली नव्हती. खरं काय ते जावयाने एकट्या सासऱ्याला सांगितलं होतं, आणि म्हाताऱ्याने ते वर्षभर पोटात ठेवलं.

अखजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेक रुख्मिणी माहेरी आली आणि त्याच आठवड्यात निजामाकडच्या एका वर्तमानपत्रात आपल्या हेरखात्याचे फुटलेले कागद छापून आले. हिंदुस्थान सरकारचे हात निजामाच्या राज्यात कुठवर पोचलेत, ते सगळं त्यात होतं. नावं नव्हती. एके ठिकाणी एवढंच, की हद्दीलगतचा एक सरकीवाला ठाण्यातली खबर आणतो, माणूस भरवशाचा.

मास्तरांनी ते आठवडी बाजारात वाचून दाखवलं. पल्याड सरकीवाले ढीगभर होते. पण उकंडरावांना राहवलं नाही.

"थो माया जावई हाय," ते छाती काढून म्हणाले. "हसा बे आता."

बाजाराला दोन्हीकडची माणसं येतात, हे शेंबड्या पोरालाही कळतं. म्हातारा मात्र जिलबी बांधून घेऊन घरी आला.

रुख्मिणीने सगळं ऐकून घेतलं. "बाबा, पल्याडचे कोन कोन होते बाजारात?"

उकंडरावांनी जिलबी तशीच टाकली आणि जावयाला सावध करायला त्याच पावली गडी पल्याड धाडला.

दुसऱ्याच दिवशी गडी परत आला. दुकानाला कुलूप होतं. किसनरावांना रात्रीच कोणी घेऊन गेलं होतं, आणि शेजारी त्यांचं नावही घ्यायला तयार नव्हते.

भादव्यात आपली फौज पल्याड गेली, निजाम शरण आला, गावाने पेढे वाटले. उकंडराव चपला झिजवत जावयाचा पत्ता विचारायला आपल्या हेरखात्याच्या साहेबांकडे गेले. साहेब वाईट नव्हते, बसायला खुर्ची दिली. पण ते कागद बनावट असल्याचा खुलासा वरून कधीच झाला होता. कागद खोटे, तर त्यातला सरकीवालाही खोटा. असा माणूस आमच्याकडे नव्हताच, ते म्हणाले.

घरी रुख्मिणी कुंकवाचा करंडा पुढ्यात घेऊन बसली होती.

"लावू का नोको, एवढंच कोनाले तरी इचारून या, बाबा."

उकंडराव उठले, चपला घातल्या आणि दारातच उभे राहिले. कोणाकडे जायचं ते त्यांना सुचेना.