आम्रपालीची प्रकृती

सर्जेरावांनी मांजरी गावातली आपली नऊ एकर जमीन एका गृहप्रकल्पाला विकली आणि आलेल्या पैशांतले दोन कोटी भांडारकर रस्त्यावरच्या एका गुंतवणूक कंपनीत ठेवले. ही दोन हजार सातच्या उन्हाळ्यातली गोष्ट. त्यांचे पैसे सांभाळायचे काम आम्रपालीकडे आले. ती कर्वेनगरला राहायची. वडील तात्याराव पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. त्यांचा विश्वास फक्त पोस्टावर.

आठ दिवसांनी सर्जेराव ऑफिसात हजर झाले.

"मॅडम, पैसं बघायला आलोय."

आम्रपालीने स्क्रीनवर आकडे दाखवले.

"हे न्हाई. हे लिवल्यालं हाय. पैसं कुठं हायत?"

"काका, त्यांचे शेअर्स घेतले. सिमेंट, औषधं, सॉफ्टवेअर. ते मुंबईच्या एका कॉम्प्युटरमध्ये नोंदवलेले असतात."

"मग हितं काय हाय?"

आम्रपालीने खरं ते सांगितलं. "इथे फक्त मी आहे."

सर्जेरावांनी तिच्याकडे नीट पाहिलं. "म्हंजी तू हायेस तवर पैसं हायत," ते म्हणाले आणि समोरच्या खुर्चीत बसले. दुसऱ्याच्या गोठ्यात ठेवलेली म्हैसही माणूस आठवड्यातून एकदा बघून येतो, असं त्यांचं म्हणणं.

तेव्हापासून ते दर मंगळवारी येत. पोर्टफोलिओबद्दल चकार शब्द नाही. जेवलीस का, झोप लागते का, खोकला कशाने झाला, एवढंच विचारत. त्यांच्या बायकोने, सोजरबाईंनी, दिलेलं तूप आणि डिंकाचे लाडू टेबलावर ठेवत आणि एक लाडू समोर खायला लावत. मग समाधानाने निघून जात.

रिसेप्शनमध्ये बसलेले इतर ग्राहक हे पाहत होते. दिवाळीपर्यंत चौघेजण आपापल्या मॅनेजरकडे निरखून पाहू लागले. एका निवृत्त सचिवांनी तर कंपनीचे मालक श्रीधरसाहेबांना लेखी विचारलं : "माझी गुंतवणूक सांभाळणारे श्री. राकेश इतके बारीक का?"

राकेश मॅरेथॉन धावायचा. त्याचे आकडे ऑफिसात सगळ्यांत चांगले होते. तरी महिन्यात त्याचे तीन ग्राहक, सचिवांसकट, आम्रपालीकडे गेले.

श्रीधरसाहेब हुशार माणूस. त्यांनी वजनकाटा आणून रिसेप्शनमध्ये ठेवला आणि सर्व मॅनेजरांचं वजन दर सोमवारी फळ्यावर लिहायचा आदेश काढला.

"सर, याचा बाजाराशी काय संबंध?" आम्रपालीने विचारलं.

"बाजाराचा कशाशी संबंध असतो? ग्राहकाचा असतो. चढा काट्यावर."

राकेशने धावणं सोडलं आणि सकाळ-संध्याकाळ शिकरण सुरू केलं.

डिसेंबरात आम्रपालीला टायफॉईड झाला. तीन आठवडे अंथरुणात गेले. परत आली तेव्हा कुर्ता खांद्यावरून उतरत होता. सोमवारी फळ्यावर आकडा लागला : सात किलो घट.

मंगळवारी सर्जेराव आले. तिला पाहून दारातच थबकले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"समदं काढ," ते म्हणाले.

"काका, बाजार वर आहे. मी आजारी होते, शेअर्स नव्हेत."

"काढ म्हंतो ना. तुझ्यावर वझं नगं."

त्यांच्या मागोमाग सचिवांनी काढले, मग आणखी सोळा जणांनी. श्रीधरसाहेबांनी आम्रपालीला केबिनमध्ये बोलावलं. "तुम्हाला ताप आणायला हाच महिना मिळाला?" एवढंच म्हणाले. घरी जाऊन ती रडली. तात्याराव म्हणाले, "पोस्टात हे होत नाही."

एकवीस जानेवारीला बाजार कोसळला. दुसऱ्या दिवशीही. फोन वाजत राहिले, माणसं ओरडत राहिली. राकेशचं वजन अठ्ठ्याहत्तर किलो होतं आणि त्याच्या ग्राहकांचे एक तृतीयांश पैसे गेले होते. वाचले ते फक्त आम्रपालीचे अठरा जण.

फेब्रुवारीत श्रीधरसाहेबांनी हॉटेलच्या हॉलमध्ये ग्राहकांची सभा घेतली. पडद्यावर दोन रेषा होत्या : एक बाजाराची, एक आम्रपालीच्या वजनाची. तिची रेषा तीन आठवडे आधी खाली आलेली. टाळ्या पडल्या. आम्रपालीला व्यासपीठावर बोलावलं आणि तिच्या नव्या पदाची घोषणा झाली : जोखीम विभागप्रमुख.

तिने माईक घेतला. "मला टायफॉईड झाला होता," ती म्हणाली. "बाहेर कुठेतरी पाणी प्यायले असेन. बाजाराचं मला काहीही कळलं नव्हतं. मी तर सर्जेरावकाकांना पैसे काढू नका म्हणत होते."

सगळे गंभीरपणे ऐकत होते. मग सचिवांनी हात वर केला.

"पुढचा टायफॉईड साधारण कधी अपेक्षित आहे?"

पुढच्या रांगेतल्या दोघांनी वह्या उघडल्या.

आम्रपालीने माईक खाली ठेवला. दुसऱ्या दिवशी राजीनामा दिला. श्रीधरसाहेबांनी वाचून सही केली. "नोटीस पिरियड एक महिना. तेवढ्यात आजारी पडू नका," ते म्हणाले.

एप्रिलमध्ये ती कर्वेनगरच्याच एका कॉलेजात वाणिज्य शिकवू लागली. पगार निम्म्याहून कमी झाला. पहिल्या रविवारी दारात सर्जेराव उभे. आम्रपालीने दार पूर्ण उघडायच्या आधीच सांगून टाकलं.

"काका, मी आता पैशांचं काम करत नाही."

"म्हाईत हाय. पैसं बँकेत हायत. तिथला सायेब मला पुसतबी न्हाई, मी त्येला पुसत न्हाई." त्यांनी चपला काढल्या. "तुझ्यात आता माझं काय न्हाई. पर मंगळवार आला की चुकल्यागत हुतंय. म्हनलं, बघून यावं."

तात्यारावांनी खुर्ची पुढे केली. आई सुंदराबाईंनी मटणाच्या रश्श्याचं भांडं पुन्हा गॅसवर ठेवलं. सर्जेराव दोन भाकरी जेवले. आम्रपालीने तिसरी वाढली तेव्हा त्यांनी ताटावर हात आडवा धरला, पण फार वेळ नाही.